तुळसाच्या पोटातलं खारं पाणी

तुळसा पाणी प्यायची, पण ते जायचं कुठं हे कुणाला दिसायचं नाही.

तुळसा म्हणजे गाडी. जुनी पिकअप. गुणवंतीच्या सासूचं नाव पुढच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं, म्हणून सगळी जेटी तिला तुळसाच म्हणायची. पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी भरायची, वर बर्फ टाकायचा आणि हातखंबा, निवळी, संगमेश्वर करत देवरुखच्या बाजाराला जायचं. वर्षानुवर्षं हेच.

गुणवंतीचा नवरा बोटीवर तांडेल. घरी कमी, पाण्यात जास्त. त्यामुळे धंदा गुणवंती बघायची आणि गाडी शिवा चालवायचा. शिवा तिचा चुलतदीर. गाडी नवी आली तेव्हापासून स्टिअरिंगवर तोच. त्याची एक खोड होती. वाडीत विहिरी पुष्कळ, पण समुद्राच्या अंगाला असल्यामुळे सगळ्या मचूळ. एकच काय ती गोडी. शिवा रोज निघताना त्या विहिरीचं पाणी पिवळ्या कॅनमध्ये भरून आणायचा आणि सीटमागे ठेवायचा. स्वतः तेच प्यायचा, आणि गाडीला लागलं तर तेच घालायचा.

"मी पितो तंच ती पिते," असं सांगायचा, जसं काही दोघांचं एक ताट.

आणि सर्वेश गुणवंतीचा मुलगा. बारावीनंतर कॉलेज त्याला मानवलं नाही. पण हातात पाना आणि समोर मोबाईल असला की त्याचं काही अडायचं नाही. व्हिडिओ बघून त्यानं आधी घरचा मिक्सर उघडला, मग शेजाऱ्यांचा पंप, मग वाडीतल्या अर्ध्या स्कूटर. खरंच जमायचं त्याला. खोटं कशाला बोला. अडचण एवढीच, की जमलं की ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. जेटीवर त्याचं नाव पडलं डॉक्टर.

गणपती झाले आणि तुळसाचं पाणी कमी व्हायला लागलं. रोज थोडं थोडं. डॉक्टरनं पाइपांच्या क्लिपा बदलल्या. रेडिएटरचं झाकण नवं घातलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा. ऑइलची कांडी काढून बघितली, त्यात पाणी नाही. धुराड्यातून पांढरा धूर नाही. पाणी मात्र कमी.

"काय रे डॉक्टर, पेशंट काय म्हणतो?" लिलावात मासळी घेणारी विमला टोपली डोक्यावर चढवताना विचारायची.

"आज झाकण बदललं. आता थेंब जाणार नाय."

"मेल्या, नावच तुळसा हाय. पाणी रोज घालायलाच हवं!"

सगळ्या बायका हसायच्या. सर्वेशही हसायचा. आतून मात्र जळायचा.

मग एक दिवस निवळी घाटात इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी शिवाच चालवत होता, सर्वेश शेजारी. बॉनेटमधून वाफ आली. शिवानं गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, कॅनमधलं सगळं पाणी घातलं. तोवर बाजार निघून गेला होता. मासळी मऊ पडली, मिळेल त्या भावाला गेली.

दुसऱ्या दिवशी जेटीवर लिलाव रंगात होता. विमला म्हणाली, "काय, पेशंट घाटात झोपला म्हणे?"

झालं. तिथं सगळी जेटी ऐकत होती. बोटीवरची माणसं, बर्फवाला, टेम्पोवाले. सर्वेशला वाटलं, आपली डॉक्टरकी गेली. आणि तोंडातून निघालं, "गाडीला काय झालेलं नाय. शिवाकाका पाणीच बघत नायत. कॅन काय शोभेचा. वय झालं, आता डोळ्यांना दिसत नाय त्यांच्या, दुसरं काय!"

लिलाव पुकारणारा मध्येच थांबला. शिवा बर्फाचं क्रेट उचलत होता. ते त्यानं हळूच खाली ठेवलं. खिशातून चावी काढली, क्रेटवर ठेवली. सीटमागचा पिवळा कॅन काढून घेतला आणि चालायला लागला.

"अरे भावजी..." गुणवंती मागून ओरडली. पण तिनं मुलाला काही म्हटलं नाही. मासळी उन्हाला येत होती, गाडी सुटायला हवी होती.

त्या दिवसापासून गाडी सर्वेश चालवायला लागला. आता पाणी बघणाराही तोच. निघताना बघायचा, घाटाखाली बघायचा, देवरुखला बघायचा. आणि पाणी तरी जातच होतं.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण कळलं असं कबूल केलं, तर जेटीवर बोललेलं गिळायला लागणार. म्हणून तो आई बघत नाही असं बघून गुपचूप पाणी ओतायचा आणि बॉनेट हळूच बंद करायचा, चोरासारखा. शिवा वाटेत दिसला की समोरच्या लाइटच्या खांबाकडे बघायचा. शिवा घरीच होता. जाळी विणून देत होता लोकांना. जेटीवर येत नव्हता. माणसं म्हणत होती, डोळे गेले म्हणे शिवाचे. बोललेलं असं फिरतं.

मग बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी सर्वेशनं ठरवलं, आज शोधायचंच. काकांचीच चूक निघाली तर बरं, असं त्याच्या मनात होतं. हेही सांगायला हवं.

त्यानं जुन्या झाकणाला भोक पाडलं, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि ते झाकण रेडिएटरला लावलं. मग सायकलचा पंप जोडून हवा भरली. म्हणजे गाडी थंड असतानाच आत दाब येतो, आणि पाणी जिथून जात असेल तिथून बाहेर यायलाच हवं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, अर्धं मोबाईलवर बघितलेलं, अर्धं स्वतःच्या डोक्यातलं. आईचा कुंकवाचा आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन तो बॉनेटखाली शिरला.

गुणवंती अंगणात बांगड्याला मीठ लावत बसली होती. "दिसतंय काय?"

"थांब गो आई."

पाइप कोरडे. पंप कोरडा. मग आरसा इंजिनच्या मागच्या अंगाला नेला, जिथं हात जेमतेम जातो. तिथं इंजिनला वाटीएवढी पत्र्याची टोपी ठोकलेली असते, भोक बंद करायला. त्या टोपीच्या कडेला एक थेंब उभा होता. मोहरीएवढा. फुगला, ओघळला, त्या जागी दुसरा आला.

सापडला!

म्हणजे गाडी चालताना तिथून पाणी झिरपायचं आणि तापलेल्या इंजिनवर लगेच वाळून जायचं. जमिनीवर थेंब पडणार कुठून? शिवा काय, कुणाच्याही डोळ्यांना दिसलं नसतं.

टोपीभोवती पांढरट खरपुडी धरलेली. सर्वेशनं नखानं खरवडली. गाडीतलं काही चाखू नये, विष असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी जिभेला लावलं आणि थुंकलं.

मीठ.

"आई, खारट हाय!"

"काय खारट?"

"गाडीतलं पाणी. कुणीतरी खारं पाणी घातलंय. त्यानंच पत्रा खाल्ला."

गुणवंतीचे मीठ लावणारे हात थांबले. "शिवा," ती म्हणाली. "माझ्या मनात होतंच. तू बोललास त्याचा राग. दर्याचं पाणी घातलंन मेल्यानं माझ्या गाडीत!"

गाडी तर शिवा जायच्या आधीपासून पाणी टाकत होती. एवढा हिशोब लहान मुलानंही केला असता. सर्वेशनं केला नाही. करायचा नव्हता. त्यानं आरशातल्या थेंबाचा व्हिडिओ काढला, वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकामागून एक टायपलं. रोग सापडला. गाडीत खारं पाणी निघालं. मुद्दाम घातलंय. कुणी ते ज्याचं त्याला माहीत.

अंगठे येऊ लागले. 'डॉक्टर एक नंबर.' 'शेवटी घरचाच माणूस.' 'आम्हाला आधीच वाटलेलं.' सर्वेशला फार बरं वाटलं. चहा पिऊन तो पुढच्या कामाला लागला.

पाणी सोडलं. गंजाचं, विटकरी रंगाचं. रेडिएटरच्या बाजूची प्लास्टिकची बाटली धुवायला काढली, जिच्यात जास्तीचं पाणी साठतं. ती उलटी करून झटकली. पाण्याबरोबर काहीतरी त्याच्या तळहातावर पडलं.

नखाएवढं. पातळ. कडेला जरासं तांबूस.

तांबोशीचा खवला.

दर्याच्या पाण्यात खवला नसतो. खवला असतो मासळीच्या पेटीत, तळाला साठलेल्या बर्फाच्या पाण्यात.

सर्वेशला आठवलं. शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. शिवा मेव्हण्याकडे वेळणेश्वरला गेला होता, म्हणून गाडी पहिल्यांदाच एकट्या सर्वेशच्या हाती आली होती. घाटात काटा वर सरकला. कॅन शिवाच्या घरी. पाणी कुठं शोधायचं? मागं पेटीत होतं की भरपूर. त्यानं डोकं चालवलं. बर्फ फॅक्टरीत गोड्या पाण्याचा करतात, मग वितळला तर गोडंच राहणार! मग घेऊन ओतलं. काटा खाली आला. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की शिवा परत येईपर्यंत रोज तेच केलं. पण बर्फ गोडा असला तरी त्यात पडलेली मासळी दर्यातून आलेली. तिच्या अंगावरचं सगळं मीठ त्याच पाण्यात. पुढं त्यानं वरून हिरवं कूलंट घातलं आणि विसरून गेला.

वास्तविक एवढी साधी गोष्ट कोळ्याखारव्यांच्या घरात जन्मलेल्या पोराला सांगायला लागते का?

त्यानं घाईघाईनं मोबाईल काढला आणि ग्रुपवरचं सगळं पुसलं. लगेच खाली मेसेज. 'डिलीट का केलंस रे?' 'घाबरू नको, आम्ही आहोत.' 'माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.'

काम मात्र त्यानं पुरं केलं. ती टोपी एका कडेनं ठोकून तिरकी केली, पकडीनं ओढून काढली. पत्रा पापडासारखा झाला होता. मारुती मंदिरजवळच्या दुकानातून पितळेची नवी आणली, जागा घासून चकचकीत केली, कडेला लेप लावून ठोकून बसवली. मग गोड्या विहिरीवरून घागरी आणून पाणी भरायचं, इंजिन चालवायचं, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. विहिरीवर बायका म्हणाल्या, "वा रे पोरा, शिवानं केलेली घाण तू धुतोस!" त्यानं घागर उचलली आणि मान खाली घालून निघाला. शेवटी पाणी निवळशंख आलं. पुन्हा पंप लावला. आरशात बघितलं. कोरडं.

इतकं चांगलं काम त्यानं आजवर केलं नव्हतं. आणि कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

आईला सांगायला तो दोनदा दारापर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला तीच म्हणाली, "बरं झालं आलास. विठूआजाला सांगून आले. उद्या राखणदाराकडे गाऱ्हाणं घालायचं. शिवालाही बोलावलंय. बघूया तोंडातून 'होय' निघतं काय त्याच्या."

वाडीच्या वळणावर वडाखाली राखणदाराचा दगड आहे. कुणाचं काही हरवलं, कुणावर आळ आला, की तिथं नारळ ठेवायचा आणि म्हाताऱ्या विठूनं देवापुढं गाऱ्हाणं घालायचं. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. ज्याच्या पोटात पाप, त्याचा आवाज तिथं निघत नाही, असं वाडी मानते. सर्वेश असल्या गोष्टी मानत नव्हता. तरी रात्रभर कुशी बदलत राहिला.

सकाळी वीसेक माणसं जमली. शिवा आला. धुतलेला सदरा, हातात काही नाही. सर्वेशच्या समोरच उभा राहिला.

विठूआजानं नारळावर हात ठेवला. "बा राखणदारा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ही गुणवंती, हिची गाडी, हिचं पोर तुझ्या पायाशी उभं हाय."

"होय म्हाराजा!"

"या गाडीच्या पोटात कुणी खारं पाणी घातलंन, तू बघितलंस."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शिवाचा. वडावरचे कावळे उडाले. गुणवंती त्याच्याकडे बघतच राहिली.

"ज्यानं घातलंन, त्याचा घोट खारा कर, त्याचा घास खारा कर, त्याची झोप खारी कर!"

"होय म्हाराजा!"

सर्वेशनंही तोंड उघडलं. आवाज आला नाही. देवामुळे म्हणा, नाहीतर घसा कोरडा पडला म्हणा, नुसती हवा आली. आणि आळ घेणाऱ्या घरचाच आवाज नाही म्हटल्यावर माना वळल्या. आधी शिवाची, मग विठूआजाची, मग आईची.

"बोल रे," गुणवंती कुजबुजली. "काय झालं? होय म्हण."

सर्वेशनं खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली आणि नारळाशेजारी ठेवली. खवला उन्हात चमकला.

"मी घातलं," तो म्हणाला. "पेटीतलं. बर्फाचं. काका वेळणेश्वरला गेलेले तेव्हा. मला वाटलं गोडं असतं."

मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मासा कुठचा होता?"

"तांबोशी."

"आयला, गाडीला तांबोशीचं सार पाजलान!"

वीस माणसं हसली. विठूआजाचा हात नारळावर होता, तरी त्याचंही पोट हललं. गुणवंती हसली नाही. तिनं पदर तोंडावर ओढला आणि खालीच बसली. सर्वेशला ते हसणं एवढं लागलं नाही. आईचं बसणं लागलं.

विठूआजा खाकरला. घातलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. "बा म्हाराजा, अजाणता घातलंन, म्हणून घोट खारा केलास तो गोडा कर. आणि पोराच्या डोक्यात जरा उजेड पाड!"

"होय म्हाराजा!" या वेळी सर्वेशचाही आवाज निघाला.

नारळ फुटला. गुणवंती उठली, कमरेची गाडीची चावी काढून दोन्ही हातांनी पुढं केली. "भावजी, माझंही चुकलं. घ्या."

शिवानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "वैनी, हितं वीस माणसं हायत," तो म्हणाला. "तो बोलला ते जेटीवर. लिलावात. तिथं किती होती?" आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर नेहमीचा गोंधळ. बोटी लागलेल्या, क्रेटं आदळतायत, लिलाव जोरात. शिवा आला होता. दूर एका खांबाला टेकून उभा होता, पाठ करून. पायाशी पिवळा कॅन.

सर्वेश उलट्या घातलेल्या क्रेटवर चढला. "ऐका! शिवाकाकांचे डोळे चांगले हायत. गाडीत खारं पाणी मी घातलं होतं. मी खोटं बोललो."

कुणी बघितलंही नाही. लिलाव चालू.

"मोठ्यानं बोल रे डॉक्टर!" विमला ओरडली. तिला एव्हाना सगळं कळलेलं होतं. "तेव्हा आवाज बरा निघाला होता!"

तो पुन्हा बोलला. बर्फाची मशीन घरघरायला लागली, निम्मं तिच्यात गेलं. शिवाची पाठ तशीच. मग सर्वेशनं डोळे मिटले आणि पोटातून ओरडला. काका, डोळे, खारं पाणी, तांबोशी, सगळं. आवाज फाटला, शेवटी रडल्यासारखाच निघाला. लिलाव पुकारणारा थांबला. बोटीवरची माणसं कडेला आली. या खेपेला कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

शिवा वळला. कॅन घेऊन गाडीशी आला. बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं. गाडी थंडच होती. बोट बुडवून जिभेला लावलं आणि बाजूला थुंकला.

"कूलंट नाय घातलंस?"

"अजून नाय. नुसतं विहिरीचं हाय."

"हं. गोडं हाय." त्यानं झाकण लावलं आणि न बघता हात पुढं केला. सर्वेशनं चावी त्या हातावर ठेवली.

कॅन सीटमागे गेला. मासळी भरली, बर्फ पडला. पुढची दुसरी सीट रिकामी होती. शिवानं बस म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. सर्वेश मागच्या बाजूनं चढला आणि पेट्यांच्या मध्ये उकिडवा बसला.

निवळीच्या चढणीवर गाडी तिरकी झाली, तसं पेटीतलं पाणी त्याच्या पायांवर सांडायला लागलं. थंडगार, खारं. त्यानं पाय काढून घेतले नाहीत. पुढं काचेतून शिवाचं डोकं दिसत होतं. अधूनमधून ते काट्याकडे झुकायचं आणि पुन्हा वर व्हायचं. मागं मात्र एकदाही वळलं नाही.